मनी, मोत्या आणि होम व्हिजिट

“शनिवारी सकाळी साडेदहाला डॉक्टर घरी येणार आहेत,” मी रात्री जेवताना जाहीर केलं.

आईचा घास हातातच राहिला. “घरी? कुणाला काय झालंय? या घरात मला कुणी काही सांगत नाही!”

“कुणाला काही झालेलं नाही, आई. मनी आणि मोत्याला तपासायला येणार आहेत.”

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग शांतपणे भात कालवत म्हणाली, “मागच्या खेपेला मला ताप आला तेव्हा आपण त्या अर्जंट केअरमध्ये तीन तास बसलो होतो. वर ते बिल! आणि मांजराला मात्र डॉक्टर घरपोच. पुढचा जन्म अमेरिकेत मांजराचा मिळू दे म्हणजे झालं.”

यावर आमच्याकडे कुणाजवळच उत्तर नव्हतं. मनीने मात्र टेबलाखालून एक जांभई दिली.

आई भारतातून आली की आमच्या न्यू जर्सीच्या घरात माणसं पाच आणि प्राणी दोन. मोत्या अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन अठ्ठ्याहत्तर पाउंड. मनी तेरा वर्षांची, करड्या-पांढऱ्या रंगाची, थोरली अगदी लहान असताना शेल्टरमधून आणलेली. नावं मुद्दाम अस्सल मराठी ठेवली. घरातल्या निदान दोघांनी तरी मराठीत हाक मारल्यावर मराठीत ओ द्यावी, एवढाच माफक उद्देश. मुलांच्या बाबतीत ती आशा आम्ही केव्हाच सोडली आहे.

डॉक्टरांना घरी बोलवायला दोन कारणं होती. मोत्याच्या मागच्या पायांत संधिवात शिरलाय. त्याला गाडीत चढता येत नाही. मी आणि बायको त्याला दोन्हीकडून उचलतो तेव्हा पालखी निघाल्यासारखं वाटतं, आणि नंतर दोन दिवस माझी कंबर धरते. मनीचं कारण वेगळं. गराजमधून तिचा कॅरिअर काढल्याचा आवाज झाला, की ती घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून अंतर्धान पावते. दवाखान्याच्या शेवटच्या फेरीत रूट वनच्या ट्रॅफिकमध्ये तिने असा काही टाहो फोडला होता, की शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग ओकारी, मग बाकी सगळं. त्यानंतर “पुढच्या वर्षी बघू” असं म्हणत आम्ही दोन वर्षं काढली.

पण ऑगस्टपासून थोरली म्हणत होती, “बाबा, मनी खूप पाणी पितेय.” वाडगं दिवसातून दोनदा रिकामं व्हायला लागलं. लिटर बॉक्समधले ओले गोळे मोठे होऊ लागले. एक दिवस पाठीवरून हात फिरवताना तिचा कणा माझ्या बोटांना लागला. आता “बघू” म्हणून चालणार नव्हतं.

घरी येणाऱ्या या डॉक्टरबाई स्वतःची छोटी व्हॅन घेऊन येतात. तपासणी, लसी, रक्त-लघवीचे नमुने, ब्लड प्रेशर, नखं कापणं, एवढं सगळं घरात होतं. एक्स-रे किंवा ऑपरेशन असेल तर हॉस्पिटल गाठावंच लागतं. अपॉइंटमेंट मिळाली आणि मी कामाला लागलो.

मी आयटी कन्सल्टंट. २००४ साली एमएस करायला आलो, आणि तेव्हापासूनची वर्षं लोकांच्या सिस्टिम ‘गो-लाइव्ह’ करून देण्यात गेली. साहजिकच एक्सेल शीट उघडली. सत्तावीस ओळी. काम, जबाबदारी, स्थिती. मोत्याच्या रेबीजच्या लसीचा जुना दाखला शोधणे (न्यू जर्सीत त्याच्याशिवाय कुत्र्याचं म्युनिसिपल लायसन्स मिळत नाही). जुने रिपोर्ट छापणे. शुक्रवारी रात्री फरशी पुसणे. शनिवारी सकाळी व्हॅक्युम करणे. सोफा सरकवून जागा करणे. लागला तर असावा म्हणून कॅरिअर हॉलमध्ये आणून ठेवणे. आईने आपणहून अठ्ठाविसावी ओळ घातली : डॉक्टरबाईंसाठी पोहे.

शनिवारी सकाळी दहा वाजता शीट अथपासून इतिपर्यंत हिरवीगार होती. फक्त मनी जागेवर नव्हती.

पाइनच्या वासाने घमघमणारी फरशी, व्हॅक्युमची घरघर, जागचा हललेला सोफा आणि हॉलमध्ये आ वासून बसलेला कॅरिअर. तिला निमंत्रणपत्रिका वेगळी पाठवायची गरजच नव्हती. आमच्या बेडरूमचं दार उघडं राहिलं होतं. किंग साइज पलंगाखाली, बरोब्बर मध्यभागी, जिथे कुठल्याही बाजूने माणसाचा हात पोहोचत नाही, तिथे ती दोन डोळे होऊन बसली होती.

तेवढ्यात बेल वाजली. बेल वाजवणारा प्रत्येक जण ॲमेझॉनच्या वेषातला दरोडेखोर आहे, असं मोत्याचं मत आहे. तो भुंकायला लागला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. धाकटा आयपॅड घेऊन शूटिंगला धावला. मी पलंगाखाली आडवा, हातात स्विफरचा दांडा. “मनी, ये, ये,” असं गोड आवाजात म्हणत मी दांड्याने तिला ढोसत होतो. कसाबसा तिचा मागचा पाय हाताला लागला आणि मी ओढला.

पुढचं थोडक्यात सांगतो. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन लाल रेघा, कार्पेटवर लघवी, आणि मनीच्या घशातून निघालेला एक आवाज, जो तेरा वर्षांत मी कधी ऐकला नव्हता.

“सोडा तिला,” दारातून डॉक्टरबाई म्हणाल्या. “आज नको.”

“पण आता हातात आलीच आहे...”

“भेदरलेल्या मांजराची साखर वाढते, ब्लड प्रेशर वाढतं. आज मी घेतलेले आकडे मनीचे नसतील, तिच्या भीतीचे असतील. त्यांचा मला उपयोग नाही.”

मोत्याचं काम हॉलमध्ये दहा मिनिटांत झालं. चीजच्या एका तुकड्यात लस, दुसऱ्यात नखं. डॉक्टरबाईंनी पोहे मात्र आवडीने खाल्ले, लिंबूही मागून घेतलं. व्हिजिटचे पैसे अर्थात पूर्ण द्यावे लागले.

पैशाचं काही नाही. पण एरवी माझा कॉन्फरन्स कॉल सुरू झाला की मनी लॅपटॉपच्या कीबोर्डवर येऊन बसायची, माझ्या क्लायंटना तिची शेपटी माझ्यापेक्षा जास्त ओळखीची होती. त्या शनिवारनंतर ती माझ्या खोलीत यायची बंद झाली. मी जिन्यावर दिसलो की भिंतीला चिकटून खाली निघून जायची. असे नऊ दिवस गेले. तिच्या पोटात काय बिघडलंय ते अजून कळलेलं नव्हतं आणि ते कळायचा एकमेव रस्ता माझ्या हातांतून जात होता. त्याच हातांना ती भ्यायली होती.

दहाव्या दिवशी आई चहा घेऊन माझ्या खोलीत आली. रिकाम्या कीबोर्डकडे पाहून म्हणाली, “तू घराची तयारी केलीस. मांजराची केलीच नाहीस.”

मग ती तिच्या माहेरच्या गोठ्याबद्दल बोलू लागली. सांगली जिल्ह्यातलं लहानसं गाव. घरी दोन बैल, एक म्हैस आणि चंद्री नावाची गाय. आईला पुढच्या जन्मी हवी असलेली घरपोच सेवा तिच्या माहेरी मुळात होतीच की! गुरांचा डॉक्टर तेव्हा घरीच यायचा. तालुक्याहून फटफटीवर, मागे चामड्याची बॅग बांधून. घटसर्पाची, फऱ्याची लस टोचायला पावसाळ्याच्या तोंडावर हमखास एक फेरी. दवाखान्यात लोखंडी खोडा असायचा, जनावर त्यात उभं करायचं. पण माझे आजोबा शक्यतो गाय खोड्यात घालू देत नसत.

“अण्णा आदल्या दिवसापासून काही म्हणजे काही नवीन करायचे नाहीत,” आई म्हणाली. “तेच दावं, तोच माणूस, तीच वेळ. आम्हा पोरांना गोठ्यात यायला बंदी. डॉक्टर आले की त्यांना आधी ओट्यावर बसवून चहा द्यायचे. तोवर गाईला त्यांचा वास, त्यांचा आवाज कळायचा. आणि सुई कधी गव्हाणीपाशी टोचू द्यायचे नाहीत. गाय बाहेर लिंबाखाली आणायची, तिथे टोचायची. म्हणायचे, खायच्या जागी दुखलं तर ती खायची जागाच विसरेल.”

“आणि ती उभी राहायची?”

“अण्णा तिच्या मानेखालची पोळी खाजवत राहायचे. हात घट्ट नाही, पण हलायचाही नाही. अरे, दूध काढणाऱ्याचा हात भ्यालेला असला ना, की गाय पान्हा चोरते. जनावर तुझं बोलणं ऐकत नाही, तुझा हात ऐकतं.”

मी त्याच दिवशी डॉक्टरबाईंना फोन केला आणि गव्हाणीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमच्या आजोबांचं बरोबर होतं.” जनावराला कमीत कमी भीती वाटेल असं हाताळण्याची एक पद्धत डॉ. सोफिया यिन या अमेरिकन पशुवैद्यक बाईंनी नीट मांडली. २००९ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं, २०१४ साली त्या गेल्या. आज अनेक डॉक्टर त्या वाटेने जातात. लिंबाखालचं शास्त्र कॅलिफोर्नियात इंग्रजीत लिहिलं गेलं म्हणायचं.

पुढची भेट महिन्याने ठरली. एक्सेल शीट पुसली. या वेळची तयारी इथे जरा तपशिलाने लिहितो, मंडळातल्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जागा. मनीची झोपायची, खायची जागा तपासणीसाठी वापरायची नाही. आम्ही खालच्या मजल्यावरची छोटी बाथरूम निवडली. उजेड भरपूर, पलंग नाही, कपाट नाही, लपायला जागा नाही. वॉशिंग मशिनच्या खाचा टॉवेल कोंबून बुजवल्या. जमिनीवर पाय घसरू नयेत म्हणून रबरी मॅट, तिच्यावर मनीच्या वासाचा जुना टॉवेल. रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन नुसता बसायचो, बाजूला उकडलेल्या चिकनचे चार तुकडे. पहिले तीन दिवस ती उंबऱ्यापाशी थांबली. चौथ्या दिवशी आत आली. चिकन खाल्लं, माझ्याकडे पाठ करून बसली. आई म्हणाली, “पाठ केली म्हणजे विश्वास टाकला हो!”

दुसरी गोष्ट, स्पर्श. आधी नुसता हात. मग कान उलटून पाहायचा, चिकन. ओठ वर करायचा, चिकन. मागचा पाय धरून मोजून दोन सेकंद, मग पाच, मग दहा. हा तोच पाय, जो मी ओढला होता. त्याला सर्वांत जास्त दिवस लागले.

तिसरी गोष्ट, परका माणूस. आयटीच्या भाषेत ‘युझर टेस्टिंग’. मंडळातला एक मित्र दोन रविवार पाठीला बॅकपॅक लावून आला आणि मनीकडे ढुंकूनही न बघता बाथरूमच्या फरशीवर मांडी घालून बसला. त्याला मांजराची ॲलर्जी आहे. शिंका आवरत त्याने बजावलेल्या या सेवेची नोंद या स्मरणिकेत व्हावी, अशी त्याची अट होती. झाली.

चौथी गोष्ट, औषध. डॉक्टरबाईंनी मनीचे जुने रिपोर्ट पाहून, वजन विचारून (आधी मी एकटा वजनकाट्यावर, मग तिला घेऊन, आणि वजाबाकी) गॅबापेन्टिन नावाचं औषध दिलं. भेटीच्या दोनेक तास आधी द्यायचं. पण त्याआधी एका रिकाम्या दिवशी देऊन बघायचं. ते बघितलं. मनी चार पेग झाल्यासारखी चालू लागली, म्हणून जिन्याला अडसर लावायचा हे आधीच कळलं. हे माणसांचंही औषध आहे, पण घरातलं काढून देऊ नये. माणसांसाठीच्या पातळ औषधात झायलिटॉल नावाची साखर असू शकते, ती कुत्र्याला विषारी. इथे एक कबुली. आई मधेच म्हणाली होती, “एवढं कशाला, क्रोसिनचा चतकोर तुकडा दे ना!” मी जवळजवळ किंचाळलो. पॅरासिटामॉल, म्हणजे आपली क्रोसिन, म्हणजेच इथलं टायलेनॉल, मांजराचा थोड्याशा मात्रेनेही जीव घेऊ शकतं. मोत्याला तिने प्रेमाने वाढलेला शिराही मी असाच हातातून काढून घेतला होता, त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. आई दोन दिवस रुसली. गोठ्यात क्रोसिनही नव्हती आणि बेदाणेही नव्हते, तिचा काय दोष?

पाचवी गोष्ट, नमुना. लिटर बॉक्समध्ये नेहमीच्या मातीऐवजी पाणी न शोषणारे प्लॅस्टिकचे बारीक मणी घातले. सकाळची लघवी ड्रॉपरने बाटलीत भरून, झाकण लावून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये. बायकोने ती पिशवी लिंबाच्या लोणच्याशेजारी पाहिली तेव्हा काय झालं, ते इथे लिहीत नाही.

तो शनिवार उजाडला. व्हॅक्युम नाही, पाइनचा वास नाही, कुकर नाही. धाकटा मोत्याला घेऊन शेजारच्या गल्लीत हळूहळू फिरायला गेला. बेडरूमची दारं रात्रीपासून बंद. मांजर वस्तूंवर गाल घासून जो वास ठेवतं, त्याची कृत्रिम नक्कल असलेला फेलिवेचा फवारा टॉवेलवर अर्धा तास आधी मारून ठेवला. मनी नेहमीच्या वेळी नेहमीसारखी बाथरूममध्ये आली, थोडी झुलत. मी दार लावलं.

डॉक्टरबाईंनी ठरल्याप्रमाणे बेल वाजवली नाही, ड्राइव्ह-वेमधून फोन केला. आत आल्या, फरशीवर बसल्या आणि पाच मिनिटं मनीकडे पाहिलंच नाही. माझ्याशी आईच्या पोह्यांबद्दल बोलल्या. मनीने त्यांची बॅग हुंगली. मग त्यांनी सर्वांत आधी ब्लड प्रेशर घेतलं. एक इवलासा पट्टा, शेपटीच्या मुळाशी. “पहिला आकडा सोडून द्यायचा,” त्या म्हणाल्या. “तो नवखेपणाचा असतो. पुढचे पाच-सहा घेऊन सरासरी काढायची.”

मग रक्त. मागच्या पायाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून. पाय मला धरायचा होता. मनीचं डोकं टॉवेलच्या घडीत, तिच्या हनुवटीखाली माझं एक बोट. सुई बाहेर आली आणि माझा हात थरथरायला लागला. दार किंचित किलकिलं झालं. बाहेरून आईचा हळू आवाज आला, “घट्ट नको धरूस. स्थिर धर.”

मी श्वास सोडला. बोटाने तिची हनुवटी खाजवत राहिलो. मनीचा कान एकदा मागे गेला, परत पुढे आला. “झालं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मला वाटलं, त्यांनी अजून सुरुवातच केली नाहीये.

संध्याकाळी मी ईमेल लिहीत होतो. कीबोर्डवर करडी शेपटी आली आणि क्लायंटला “प्रिय ककककककक” अशी सुरुवात असलेलं पत्र गेलं. मी ते तसंच जाऊ दिलं.

रिपोर्ट सोमवारी आला. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, दुसरी पायरी. म्हाताऱ्या मांजरांत हा बराच आढळतो. बरा होत नाही, पण वेळेवर कळला तर खाणं बदलून, पाणी भरपूर पाजून मांजर बरेचदा वर्षानुवर्षं चांगलं जगतं. “मांजर आजार लपवतं,” डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. “त्याला वाटतं, दुबळं दिसलो तर आपलं काही खरं नाही. ते सांगणार नाही, तुम्हालाच बघावं लागणार.” ब्लड प्रेशर जास्त होतं. दोन आठवड्यांनी त्या पुन्हा येऊन गेल्या, तेव्हाही ते जास्तच निघालं. गोळी सुरू झाली, तीसुद्धा अगदी कणभर.

औषधाची बाटली ओट्यावर होती. आईने चष्मा लावून वाचलं, “ॲम्लो-डि-पिन. अरे, ही तर माझीच गोळी!”

“हो का?” मी हसलो. “तू घेतेस ना गं रोज?”

आईने चष्मा काढला आणि गॅसवर ठेवलेलं दूध बघायला उठली. गॅसवर दूध नव्हतं.

मी काही बोललो नाही. महिन्यापूर्वीचा मी असतो तर तिथल्या तिथे तिची पर्स उघडून पाकिटं मोजली असती, आवाज चढवला असता. म्हणजे स्विफरचा दांडाच तो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फार्मसीतून बीपीचं मशीन आणलं आणि डायनिंग टेबलवर नुसतं ठेवून दिलं. आधी स्वतःचं घेतलं. मग बायकोचं. धाकट्याने आपलं घेऊन घेतलं, मोत्याचंही घ्यायचा प्रयत्न केला. आई लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिने आपणहून बाही वर सरकवली. “बघ, तुला एवढी हौस आहे तर.”

पहिला आकडा मी सोडून दिला. पुढचे तीन घेतले. सरासरी १६८ वर ९४.

मग हळूहळू बाहेर आलं. गोळ्या तिने चार महिन्यांच्या आणल्या होत्या. मी हौसेने तिचं तिकीट महिनाभर पुढे ढकललं. गोळ्या पुराव्यात म्हणून तिने एका दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. सांगितलं का नाही? अर्जंट केअरचं मागच्या खेपेचं बिल तिने वाचलं होतं. “तुम्हाला कशाला आणखी खर्चात पाडायचं?” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही आधी अपॉइंटमेंट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. जिच्यासाठी तिने जीव टांगणीला लावला होता, ती गोळी जेनेरिकमध्ये इतकी स्वस्त मिळाली, की फार्मसीतून येताना आम्ही गाडीत एकमेकांशी बोललो नाही.

आमच्या बाथरूमच्या कपाटात मग दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. थोरलीने त्यांच्यावर मोठी लेबलं चिकटवली, आजी आणि मनी. औषध एक असलं तरी मात्रा फार वेगळी, अदलाबदल होऊन चालणार नव्हतं.

जानेवारीत आई परत गेली. रविवारच्या फोनवर ती आधी विचारते, “मनी पाणी पिते का?” पूर्वी मी विचारायचो, “बरी आहेस ना?” आणि ती म्हणायची, “मला काय धाड भरलीय!” इतकी वर्षं आमचं रविवारचं संभाषण तेवढ्यावर भागायचं. आता मी तो प्रश्न विचारत नाही. पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलतो. मंडळाच्या हळदीकुंकवाचं, मोत्याच्या गुडघ्यांचं, बर्फाचं. मग ती स्वतःच म्हणते, “लिहून घे.”

आणि आकडा सांगते. पहिला सोडून.